बुटकीच्या मापाचं घर

६ जानेवारी

बुटके,

वरच्या घरात मी माझ्या हातांनी केलेलं ते असं: जिना, जिन्याचा कठडा, दोन्ही दारं आणि त्यांच्या चौकटी, ओटा, ओट्याखालची कपाटं, ओट्यावरची खिडकी, पलंग, भिंतीतलं कपाट, न्हाणीघराची फरशी, सगळं वायरिंग, पाण्याचे सगळे पाइप आणि आरशाची चौकट. आरसा तेवढा विकत आणला, कारण काच घरी करता येत नाही. स्लॅबच्या वेळी एक गवंडी लावला होता. त्यानं घातलेला कोपरा मी नंतर फोडून काटकोनात घेतला, तेव्हा तोही माझ्याच खात्यात धर.

हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण मागच्या आठवड्यात एका बाईनं त्या सगळ्यावरून हात फिरवल्यासारखा केला आणि मला म्हणाली, "काका, मला हे घर सोडायचंय."

भाडेकरूबद्दल आईनं तुला फोनवर सांगितलं असेलच. तुम्ही बोलता हे मला ठाऊक आहे. ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. ते दार मी बसवलेलं, त्यामुळे आवाज होत नाही, पण खालच्या फटीतला उजेड कमी होतो.

बाई एकटी आहे. पस्तिशीची असेल. एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवते, म्हणून आम्ही आपसात कवळीवाली म्हणतो. भाडं वेळेवर, बोलणं नीटनेटकं, नळ उघडा टाकायची सवय नाही. खोड काढायचीच तर एक: उंच आहे. माझ्याएवढी. जिन्यावरच्या दारातून आत शिरताना पहिल्याच दिवशी तिचं डोकं आपटलं होतं.

करार दोन वर्षांचा. वकिलाकडे गेलो नाही. वाचनालयातून पुस्तक आणलं, समजेपर्यंत वाचलं आणि स्वतः लिहिला. एजंट वाचता वाचता थांबला. "कलम नऊ. भाडेकरूने घरातील कोणत्याही वस्तूची जागा अथवा उंची बदलू नये. उंची? अहो, भाडेकरू भिंती रंगवून ठेवतात, खिळे ठोकतात. उंची कोण बदलतं?"

"लिहिलेलं असू द्या," मी म्हटलं.

ती सही करता करता हसली. "माझी स्वतःची बदलली तर चालेल ना?"

मीही हसलो होतो. हल्ली ते आठवलं की बरं वाटत नाही.

चौदा महिने झाले, दहा उरलेत. मी कारण विचारलं. "पाठ," म्हणाली. मग म्हणाली, "पाठ सांगितलं की लोकांना लगेच पटतं."

मी विचार करून सांगतो म्हटलंय. तुझं मत कळव. शेवटी घर तुझ्या मापाचं आहे.

— बाबा


१५ जानेवारी

बुटके,

उत्तर नाही. ठीक आहे, कामं असतील.

काल हत्यारांची पिशवी घेऊन वर गेलो. काही बिघडलं असेल तर दुरुस्त करता येतं, आणि दुरुस्त झालं की माणूस जात नाही, असा माझा हिशेब. पाणीपुरवठ्याच्या पंपावर आयुष्य गेलं माझं. बंद पडलेली गोष्ट उघडून पाहिल्याशिवाय मी तिला नावं ठेवत नाही.

"बसा," ती म्हणाली. "नाही, तिथं नको. त्या टेबलाखाली तुमचे गुडघे जाणार नाहीत. माझेही जात नाहीत."

"ते टेबल मी केलेलं नाही."

"मग?"

"दुकानातलं आहे."

"दुकानात एवढी बसकी टेबलं मिळतात?"

मी उठून नळाचा वायसर तपासला. वायसर उत्तम होता.

मग तिनं विचारलं, हे सगळं कुणासाठी केलं होतं. मी काठीबद्दल सांगितलं. तुला आठवते ना ती? पट्टीनं भिंत मोजतात, माणूस मोजत नाहीत, हे मी तुला लहानपणापासून सांगत आलो. तू वीस वर्षांची झालीस, उंची वाढायची थांबली असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तुला दाराशी उभं करून त्या काठीवर खाचा पाडल्या. गुडघा, कंबर, कोपर, खांदा, डोळे. ओटा कोपराच्या चार बोटं खाली. आरशाचा मध्य डोळ्यांच्या खाचेवर. तू डावखुरी, म्हणून बटणं, कड्या, नळ, कपाटांच्या मुठी सगळ्या त्या बाजूला. सगळी दुनिया उंच आणि उजव्या हाताच्या लोकांसाठी बांधलेली. एक घर तरी असं हवं जिथं माझ्या मुलीला टाचा उंचवाव्या लागणार नाहीत. हे मी तिला अभिमानानं सांगितलं. का सांगू नये?

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इकडे या."

ती आरशासमोर ताठ उभी राहिली. आरशात तिचा गळा होता, खांदे होते, गळ्यातली बारीक साखळी होती. डोकं नव्हतं.

"आले तेव्हा रोज सकाळी मी अशी दिसायचे. हसायचे मी तेव्हा. मैत्रिणींना सांगायचे, माझ्या घरी मला डोकं नाही. मग वाकून बघायला लागले. आता बघा."

तिनं खांदे सैल सोडले. एवढंच केलं. आणि तिचा चेहरा आरशाच्या बरोबर मधोमध होता.

"मी वाकले का?"

मला ते वाकणं दिसलं नाही. मी इमारतीच्या भिंती नुसत्या नजरेनं ओळंब्यात आहेत की नाहीत सांगतो, आणि मला ते दिसलं नाही.

"मलाही कळत नाही," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात प्रयोगशाळेत साचा कोरत होते, तर शेजारी बसणारी म्हणाली, अगं, तू डावखुरी कधी झालीस? बघते तर हत्यार डाव्या हातात. आणि काम चांगलं चाललेलं."

"सवय," मी म्हटलं.

"काका, माझं काम तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्याच्या मापाची कवळी घातली की आधी हिरड्या दुखतात. मग दुखायच्या थांबतात. माणूस खूश होतो, म्हणतो, बसली एकदाची. ती बसलेली नसते. तोंड बदललेलं असतं."

मी पिशवीची नाडी बांधली. जायला निघालो तर मागून म्हणाली, "परवा जिन्यावरून तुम्हाला हाक मारणार होते. ओठांवर आलेली हाक तशीच गिळली. काय आलं होतं माहीत आहे? बाबा. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो."

मी कलम सहा वाचून दाखवलं. मुदतीआधी घर सोडल्यास डिपॉझिट परत मिळणार नाही.

"ठेवा," ती म्हणाली.

— बाबा


२९ जानेवारी

बुटके,

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण आईनं पकडलंच आहे तर माझ्याकडूनही कळलेली बरी.

संध्याकाळी मी अंगणात बाकड्यावर काम करत असतो, ती जागा तुला माहीत आहे. तिथून मान वर केली की ओट्यावरची खिडकी दिसते. खिडकीची वरची चौकट तुझ्या डोक्याला दोन बोटं मोकळी राहील अशी घेतली होती. तू भाजी चिरत असायचीस तेव्हा चित्राला चौकट करावी तशी दिसायचीस. मी कधी तसं बोललो नाही. बोलायची गोष्ट नव्हती ती.

कवळीवाली आली तेव्हा त्या खिडकीत फक्त हात आणि पोट दिसायचं. विनोदीच दिसायचं ते. मग हनुवटी आली. पावसाळा संपता संपता कपाळ आलं. आणि आता दिवेलागणीला, पाठीमागून उजेड असतो तेव्हा, तिथं एक डोकं असतं, बरोबर त्या उंचीवर, बरोबर त्या बाजूला कललेलं, आणि डावा हात सुरी चालवत असतो.

मी वेडा नाही. ती कोण आहे मला माहीत असतं. पण रंधा थांबतो.

काल आई मागे येऊन उभी राहिली. "अहो, रंधा कुठं आणि नजर कुठं?"

"लाकूड सरळ आहे का बघतोय."

"लाकूड माडीवर आहे?"

तीही वर बघत राहिली. बराच वेळ. म्हणजे तिलाही दिसलं. मग पदर खांद्यावर ओढून घेत म्हणाली, "ती कवळ्या करणारी बाई आहे. कुणाची तरी लेक आहे. आपली नाही. सोडा तिला."

"मला कळत नाही का?"

"तुम्हाला सगळं कळतं. तोच तर त्रास आहे."

मग म्हणाली, तुझा फोन आला होता. मी विचारलं, पत्रं मिळतात का? मिळतात म्हणे. अजून काही म्हणाली? "टेबल कुठं आहे, विचारत होती."

टेबल वरच आहे. जिथं तू ठेवलंस तिथंच. साडेतीन हजारांचं, तुझ्या पहिल्या पगाराचं. मी तेव्हाही म्हटलं होतं की त्याच्या निम्म्यात मी अस्सल लाकडाचं करून दिलं असतं. ते तुला चार बोटं उंच होतं, कुणीही बघून सांगितलं असतं. शिवाय एका पायावर डगमगायचं. तू कामावर गेलीस त्या दिवशी मी चारही पाय कापून पातळीत आणले, कडा घासल्या, पॉलिशचा हात दिला. डगमग गेली. तू संध्याकाळी आलीस, पर्ससुद्धा खाली न ठेवता टेबलापाशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "उंच होतं ते मला माहीत होतं, बाबा."

त्याचा अर्थ मी विचारायला हवा होता की तू सांगायला हवा होतास, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. निकाल लागलेला नाही. रविवारी तू बॅग भरलीस.

कापलेले चार ठोकळे मी टाकलेले नाहीत. चांगलं लाकूड मी टाकत नाही. भिंतीतल्या कपाटाच्या तळच्या खणात आहेत, कागदात गुंडाळून, कुठल्या पायाचा कुठला ते पेन्सिलीनं लिहून.

तू का विचारलंस?

— बाबा


१२ फेब्रुवारी

बुटके,

"का विचारलंस" याचं उत्तर आलं नाही. आईला विचारलं, ती म्हणते मला माहीत नाही. तिला माहीत नसलं की ती भांडी घासते आणि माहीत असलं की ओटा पुसते. ओटा पुसत होती.

इकडची हकीकत. कवळीवाली या महिन्याच्या अखेरीस जाते म्हणून सांगून गेली. मी पुन्हा वर गेलो. या वेळी पिशवी न घेता. मी तिला म्हटलं, भाडं निम्मं करतो. ती नको म्हणाली. मी म्हटलं, मग भाडं देऊच नका, पावसाळ्यापर्यंत राहा. घरमालकानं भाडेकरूला फुकट राहा म्हणून विनवावं असं त्या पुस्तकात कुठंच नव्हतं. आई जिन्यात उभी राहून ऐकत होती हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला जेवायला वाढून ती स्वतः आतच बसली.

कवळीवाली म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण एक विचारू? तुम्हाला मी हवी आहे की ती खिडकी?"

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत असेल.

"तुम्ही खाली असता तेव्हा मला ताठ उभं राहायला लाज वाटते," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाची निराशा करतोय असं वाटतं."

मी म्हातारा नाही. पंपावरचे जिने अजून न थांबता चढतो. हे तिला सांगायचं राहून गेलं.

काल संध्याकाळी ती स्वतः खाली आली. मांडीवर काहीतरी घेऊन बाकड्याशेजारी बसली आणि तिनं एक प्रस्ताव ठेवला. मी नाही म्हटलं. तो आत्ता लिहीत नाही. लिहायला बसलो की हात दुसरीकडे जातो.

— बाबा


१ मार्च

बुटके,

ती काल गेली. सामान थोडंच होतं, एका टेम्पोत मावलं. डिपॉझिट मी पूर्ण परत केलं. कलम सहाप्रमाणे करायला नको होतं. पाकीट आईनं तिच्या हातात दिलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही, म्हणजे केलं ते बरोबर असावं.

शेवटचा डबा घेऊन निघताना तिचं डोकं चौकटीला आपटलं. खाडकन. पहिल्या दिवशी आपटलं होतं, त्यानंतर काल. मधल्या काळात एकदाही नाही. आई धावली, पाणी लावायला. ती कपाळ चोळत हसत होती, डोळ्यांत पाणी. "बरं झालं, काकू," म्हणाली. "बरं झालं." आणि रस्त्यावर जाऊन टेम्पोशेजारी उभी राहिली तेव्हा मला वाटलं ही दुसरीच कोणी. एवढी उंच होती ती.

दुपारी मी वर गेलो. खराबी तपासायची असते. भिंतीवर एक डाग नाही, कुठं खिळा नाही. घर जसं दिलं तसं परत केलं तिनं. मी आरशासमोर गेलो. आजवर त्या आरशासमोर मी काठी धरून उभा राहिलेलो, पातळी धरून उभा राहिलेलो. नुसता कधी उभा राहिलो नव्हतो. त्यात माझा शर्ट होता, वरचं बटण होतं, मानेच्या शिरा होत्या.

मग ओट्याशी गेलो. काठी बरोबर नेली होती. जमिनीवर टेकवली आणि तुझ्या डोळ्यांच्या खाचेपाशी माझे डोळे आणले. गुडघ्यांतून वाकावं लागतं, पाठीतून भागत नाही. तसा राहिलो आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

खिडकी बसवताना मी धरून चाललो होतो की तुला तिथून समोरची झाडं दिसतील, पलीकडचा रस्ता दिसेल, येणारं-जाणारं माणूस दिसेल. माझ्या उंचीवरून चौकट बसवण्याआधी ते सगळं दिसत होतं. तुझ्या उंचीवरून कुंपणाची माडीएवढी उंच भिंत मध्ये येते. झाडं भिंतीमागे जातात, रस्ता जातो. भिंतीच्या अलीकडे उरतं अंगण, आणि अंगणात एकच वस्तू आहे. माझं बाकडं. तिथं माणूस उभा असता तर त्याचा चेहरा वर केलेला, सरळ खिडकीकडे, बरोबर चौकटीच्या मधोमध आला असता.

रोज संध्याकाळी तुला हेच दिसत होतं. आणि मी समजत होतो की बघतोय तो मी.

उंच टेबल तू खिडकीजवळच का ठेवलं होतंस ते मी काल करून पाहिलं. ठोकळे पायांखाली नुसते ठेवले, उंच टेबलाला बसायलाही उंच लागतं, म्हणून आईचं स्टूल आणलं, चढून बसलो. तिथून भिंतीच्या वरून दिसतं. झाडं दिसतात. रस्ता थेट वळणापर्यंत दिसतो.

ठोकळे पुन्हा काढून ठेवले. खाली दिवा लागला होता आणि आई अंगणात उभी राहून वर बघत होती. मी ताठ उभा राहिलो, तशी ती आत गेली.

आता तो राहिलेला प्रस्ताव. त्या संध्याकाळी तिच्या मांडीवर होते ते हे चार ठोकळे. कपाट आवरताना सापडले म्हणाली. "हे परत लावून द्या. बाकी काही बदलू नका. ओटा, आरसा, खिडकी, सगळं तिच्या मापाचं राहू दे. एवढी एक वस्तू जशी होती तशी करा, मी उरलेले महिने पूर्ण राहते."

मी कलम नऊ सांगितलं. ती म्हणाली, "ही उंची आधी कुणी बदलली, काका?"

मी तिला खरं कारण दिलं. करवत लाकूड खाते. जेवढी तिच्या दातांची जाडी तेवढा भुसा होतो, तो परत येत नाही. प्रत्येक पाय अर्धं सूत कमी भरेल. जोड दिसेल. जसं होतं तसं ते होणार नाही, आणि जे तसं होणार नाही ते मी करत नाही.

"अर्ध्या सुतानं कुणाचं अडलंय?" ती म्हणाली. "तिला विचारलंत?"

मग तिनं पर्स उघडली. फुकट नको म्हणाली, तुमच्या हाताचं काम आहे. टेबलाच्या खालच्या बाजूला दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. ती वाचून तिनं तेवढेच बाकड्यावर ठेवले, आणि मी ते तिच्याकडे परत सरकवले. साडेतीन हजार.

— बाबा